नैराश्याच्या गोळ्यांचा गुण ओसरल्यासारखा वाटतोय, पुढची मदत कशी मागायची?

कवडसा

ताईसाठी विचारते आहे. वय ४६. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ. रोज सकाळी, गेले चौदा महिने. दुसऱ्या महिन्यापासून चांगला गुण आला होता. झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळं जागेवर होतं. गेल्या दोन-अडीच महिन्यांत पुन्हा घसरण आहे. पहाटे चारला जाग, दिवसभर मरगळ, डोकं जड, बोलणं कमी. गोळ्या चुकत नाहीत असं ती म्हणते. "शरीराला सवय झाली, आता या गोळ्यांचा उपयोग नाही" असं तिच्या मनाने घेतलंय आणि बंद करायची भाषा सुरू आहे.

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ नऊ दिवसांनी आहे. मागच्या दोन भेटी "बरं आहे ना? चालू ठेवा" एवढ्यावर आटोपल्या.

या औषधांची खरंच सवय होते का? नऊ दिवसांत काय तयारी करावी? आणि डॉक्टरांकडे नेमकं काय मागायचं, डोस वाढवा म्हणून की औषध बदला म्हणून?

---

निशिगंध

सगळ्यात आधी दोन गोष्टी.

गोळी परस्पर बंद करू देऊ नका. एस्सिटालोप्राम एकदम थांबवलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू होऊ शकतात. यातले निम्मे त्रास नैराश्य उलटल्यासारखेच दिसतात. मग नऊ दिवसांनी डॉक्टरांसमोर जे चित्र येईल त्यात आजार किती आणि गोळी सुटल्याचा त्रास किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरं, ताईंना आजच सरळ विचारा. "जगणं नको वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का? कसं करायचं ते मनात ठरलंय का?" आडवळणाने विचारलंत तर उत्तरही आडवळणाने येतं. विचारल्यामुळे असा विचार डोक्यात शिरत नाही, ही भीती काढून टाका. कसं करायचं ते ठरलं असेल किंवा साधन हाताशी असेल तर नऊ दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं आणि तोवर एकटं सोडायचं नाही. नुसते विचार येत असतील तरी दवाखान्यात फोन करून हेच शब्द सांगायचे आणि वेळ अलीकडे घ्यायची. दोन्ही परिस्थितींत गोळ्यांचा साठा घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळावा आणि आठवड्यापुरत्याच गोळ्या बाहेर ठेवाव्यात. घरात अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाच्या गोळ्या पडून असतील तर त्या आधी घराबाहेर काढा. जास्त संख्येने पोटात गेल्यास त्या हृदयाची लय बिघडवतात, आणि एस्सिटालोप्रामच्या तुलनेत त्यांचा धोका कितीतरी मोठा आहे.

आता सवयीचं. औषध नियमित चालू असताना आजार उलटणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. १९९८ मधल्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांतून याचं प्रमाण ९ ते ३३ टक्के आलं होतं. २०२१ मध्ये ब्रिटनमधली अँटलर नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ गोळी घेणारे आणि आता बरं वाटतंय म्हणून थांबवायचा विचार करणारे ४७८ जण त्यात होते. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार उलटला. हळूहळू बंद केलेल्यांत हे प्रमाण ५६ टक्के होतं. ताईंना हे दोन्ही आकडे एकत्र सांगा. पहिला आकडा सांगतो की गोळी हे अभेद्य कवच नाही. आणि दुसरा सांगतो की गोळी असताना घसरण झाली म्हणून ती निकामी ठरत नाही, काढून घेतली तर आजार उलटायची शक्यता वाढते.

"शरीराला सवय झाली" हा निदानाचा शेवटचा पर्याय समजा. ते सिद्ध करणारी तपासणी नाही. बाकीची कारणं तपासून बाजूला सारली की उरतं ते हे.

---

ठिपका

भेट दहा मिनिटांची असेल तर तयारी एका कागदावर मावली पाहिजे. वहीभर नोंदी कुणी वाचत नाही.

आज आणि भेटीच्या आदल्या दिवशी अशी दोनदा पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली ताईंकडून भरून घ्या. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचच्या खाली म्हणजे आजार जवळपास आटोक्यात, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० आणि वर तीव्र. दोन मोजण्यांत पाच गुणांचा फरक असेल तर तो खरा बदल धरतात, एक-दोन गुणांच्या चढउताराला अर्थ नाही. नवव्या प्रश्नाला (तो जगणं नको वाटण्याबद्दल आहे) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, ते आधी सांगायचं. प्रश्न वाचून दाखवा, पण उत्तरं तुम्ही सुचवू नका. घरच्यांनी भरलेला कागद बहुतेक वेळा जास्त वाईट आकडा दाखवतो.

उरलेल्या अर्ध्या कागदावर औषधांचा इतिहास. प्रत्येक औषधापुढे चार गोष्टी: मूळ नाव (वेष्टनावरचं ब्रँडचं नाव नको, ते बदलत राहतं), जास्तीत जास्त डोस, त्या डोसवर किती आठवडे, आणि किती टक्के फरक पडला. सोडलं असेल तर का सोडलं, गुण आला नाही म्हणून की त्रास झाला म्हणून. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात. "सर्ट्रालीन लागू पडलं नाही" असं सांगितलं जातं आणि खोदून विचारल्यावर कळतं की ५० मि.ग्रॅ. दहा दिवस घेतलं आणि जुलाब झाले म्हणून सोडलं. ते औषध अजून वापरून पाहिलेलंच नाही! पुरेशा डोसवर किमान चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय कुठल्याही गोळीला नापास म्हणता येत नाही.

खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य पाठ असू द्या: "गेल्या वर्षी हिला बरं वाटत होतं, अमुक महिन्यापासून पुन्हा घसरण आहे, गुण एवढे आहेत, आणि आज औषधाचा फेरविचार व्हावा म्हणून आलोय." "बरं आहे ना?" या प्रश्नाला रुग्ण सवयीने "हो" म्हणतो आणि भेट तिथेच संपते. शक्य असेल तर वेळ घेतानाच सांगून ठेवा की नेहमीचा फॉलोअप नाही, जास्त वेळ लागेल.

---

खलबत्ता

"गोळ्या चुकत नाहीत" हे वाक्य ऐकून घ्यावं आणि स्ट्रिपा मोजाव्यात. शेवटची खरेदी कधी, किती गोळ्यांची, आज किती उरल्या. वजाबाकी पाच मिनिटांची आहे. नैराश्यात विसरभोळेपणा येतोच, त्यामुळे खोटं बोलण्याचा प्रश्न नसतो, माणसाला खरंच वाटतं की आपण घेतली.

मग गेल्या तीन-चार महिन्यांत नव्याने सुरू झालेलं किंवा बंद झालेलं एकूण एक औषध लिहा. इथे लोक मनाच्या औषधांचाच विचार करतात. गुडघ्याचं, पित्ताचं, त्वचेचं, ॲलर्जीचं, झाडपाल्याचं, जिममधली पावडर, सगळं हवं. काही औषधं यकृतातली विकरं (औषधांचं विघटन करणारे घटक) वाढवतात आणि नैराश्याची गोळी नेहमीपेक्षा लवकर साफ करून टाकतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसीन, फिट्सवरची फेनिटॉईन आणि कार्बामाझेपीन, आणि "नैसर्गिक" म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट ही त्यातली ठळक नावं. सेंट जॉन्स वर्टचा तर दुहेरी घोळ आहे. एका बाजूने ते अनेक औषधांची पातळी खाली आणतं आणि दुसऱ्या बाजूने एसएसआरआयसोबत (एस्सिटालोप्राम याच गटातलं) सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा अतिरेक घडवू शकतं.

काही औषधं स्वतःच मन खाली ओढतात: प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, इंटरफेरॉन, फिट्सवरचं लेव्हेटिरासिटाम.

ब्रँड बदलला का, हेही पाहा, पण त्याला फार वजन देऊ नका. साध्या गोळीत फरक सहसा नगण्य असतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं प्रकरण थोडं नाजूक असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये बुप्रोपिऑन या नैराश्याच्या औषधाची ३०० मि.ग्रॅ.ची एक जेनेरिक आवृत्ती मूळ औषधाशी समतुल्य नाही असा निष्कर्ष काढला होता. एस्सिटालोप्राम त्या प्रकारात मोडत नाही.

ताईंची बाकीची औषधं कोणती?

---

कवडसा

विचारलं. जीव द्यायचा विचार नाही म्हणाली, "कंटाळा आलाय" एवढंच. गोळ्यांचा डबा मी माझ्याकडे घेतलाय.

बाकीची औषधं: चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी न्यूरोलॉजिस्टनी कार्बामाझेपीन २०० मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ दिलंय, साधारण साडेतीन महिने झाले. त्याचा मनाशी संबंध नाही म्हणून आधी लिहिलं नव्हतं. पित्ताची गोळी अधूनमधून. दुखणं फार झालं की ट्रामाडॉल, महिन्यातून तीन-चारदा. ते घरातच होतं.

---

खलबत्ता

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा या चार ओळींत आहे. निदान पहिला धागा तरी नक्कीच.

तारखा जुळवा. कार्बामाझेपीन सुरू झालं साडेतीन महिन्यांपूर्वी, घसरण अडीच महिन्यांची. हे औषध यकृतातली विकरं वाढवतं, पण ती लगेच वाढत नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. एस्सिटालोप्रामचं विघटन ज्या विकरांमार्फत होतं त्यातल्या एका मोठ्या वाटेवर हा परिणाम होतो, त्यामुळे गोळी तीच, १० चीच, पण रक्तातली पातळी मात्र खाली आलेली असू शकते. "सवय झाली" असं वाटण्याचं हे अगदी ठरलेलं रूप आहे.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची. एस्सिटालोप्राम आणि कार्बामाझेपीन दोन्ही रक्तातलं सोडियम कमी करू शकतात, एकत्र असताना धोका वाढतो. सोडियम उतरलं की मरगळ, जड डोकं, मळमळ, लक्ष न लागणं, चालताना तोल जाणं अशी लक्षणं येतात आणि घरचे म्हणतात नैराश्य वाढलं. सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर हवं. १३० ते १३४ असेल तर सौम्य घट, १२५ च्या खाली गंभीर. ही साधी रक्ततपासणी आहे, भेटीची वाट न पाहता आजच दवाखान्यात फोन लावून ती करून घ्या. १३५ च्या खाली आकडा आला तर रिपोर्ट त्याच दिवशी कळवायचा. गोंधळल्यासारखं बोलणं, वारंवार उलट्या, फार झोपाळूपणा किंवा फिट आली तर तडक तातडीच्या विभागात. आणि "अशक्तपणा आहे, भरपूर पाणी पी" हा घरगुती सल्ला या काळात देऊ नका, त्याने सोडियम आणखी पातळ होतं.

तिसरं, ट्रामाडॉल. ते स्वतः सेरोटोनिन वाढवतं आणि फिट यायची शक्यताही वाढवतं. एस्सिटालोप्रामसोबत ते डॉक्टरांना न सांगता घ्यायचं नाही. थरथर, घाम, अस्वस्थपणा, जुलाब, स्नायू फडफडणं, ताप असं काही एकत्र दिसलं तर तीही तातडीचीच बाब. पर्याय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. एसएसआरआयसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.

पित्ताची गोळी ओमेप्राझोल असेल तर ती उलट एस्सिटालोप्रामची पातळी वाढवते. अधूनमधून घेतल्याने फार फरक पडू नये, पण कागदावर लिहा.

आता याचा अर्थ कार्बामाझेपीन बंद करा असा मुळीच नाही. ते एकदम थांबवणंही धोक्याचं आहे, दुखणं उसळेल ते वेगळंच. मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट या दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत. दोघांपैकी कुणाची चूक झाली असं नाही, बहुतेक वेळा दुसऱ्याचं औषध कुणी सांगितलेलंच नसतं.

---

उंबरठा

खलबत्ता यांचा धागा पटतो, पण सगळा आजार त्यावर टांगू नका. सोडियम १३९ आलं म्हणून प्रश्न संपत नाही, आणि १३१ आलं म्हणून बाकीचं काही नाही असंही ठरत नाही.

वय ४६ आहे. पाळीचं चक्र बदललंय का, रात्री अंग तापून घामाने जाग येते का, हे विचारा. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत नैराश्य नव्याने येणं किंवा उलटणं वाढतं, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत लागतं. घोरणं, सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या असतील तर झोपेत श्वास अडखळतो का ते पाहायला हवं. त्यावर कितीही गोळ्या बदलल्या तरी उपयोग नाही. रक्त काढणारच आहात तर सोडियमबरोबर टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि यकृताच्या तपासण्या एकाच वेळी होऊ शकतात का विचारा. एक बारकावा: कार्बामाझेपीनमुळे टी-४ या थायरॉईडच्या संप्रेरकाचा आकडा खाली दिसू शकतो आणि टीएसएच मात्र ठीक असतं. तेवढ्यावरून थायरॉईडची गोळी सुरू व्हायला नको.

दारू किती, हा प्रश्न कुणाला आवडत नाही. तरी विचारा. झोप येत नाही म्हणून रोज संध्याकाळी थोडीशी, हे नैराश्याच्या औषधाला पोखरतं.

दोन प्रश्न मात्र डॉक्टरांनी विचारले नाहीत तर तुम्ही काढायचे. आयुष्यात कधी सलग चार दिवस किंवा जास्त असे गेले का, की झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं-खर्च-बेत सगळं सुसाट, आणि लोकांना ते वेगळं जाणवलं? रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर (असे सुसाट दिवस आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार) होता का? उत्तर "हो" असेल तर पुढचा सगळा रस्ता बदलतो. बायपोलरमधल्या नैराश्याला एकट्या एसएसआरआयने नीट गुण येत नाही, कधी चिडचिड आणि अस्वस्थता वाढते. तिथे लिथियम, क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन यांचा विचार होतो. ही माहिती रुग्ण स्वतःहून देत नाही, कारण त्याला ते दिवस आजारपणाचे वाटतच नाहीत, चांगले वाटतात. घरच्यांची आठवण इथे जास्त कामाची.

आणि एक फरक ओळखायला शिका. "वाईट वाटतंय" आणि "काहीच वाटत नाही" या वेगळ्या तक्रारी आहेत. दुःखही नाही, आनंदही नाही, रडू यावं तिथे येत नाही, असं सपाटपण कधी एसएसआरआयमुळेच येतं. त्याला नैराश्य समजून डोस वाढवला तर ते आणखी वाढतं. ताईंच्या वर्णनात पहाटेची जाग आणि मरगळ आहे, त्यामुळे मला ते सपाटपण वाटत नाही, पण त्यांनाच विचारा.

---

ठिपका

मला वाटतं थेट सांगावं, डोस २० करा. जागा आहे, आधी गुण आला होता, औषध अंगी लागलेलं आहे. पातळी खाली आली असेल तर भरूनही निघेल.

---

निशिगंध

ठिपका, सोडियम कळायच्या आधी नको. सोडियम उतरलेलं असेल तर डोस वाढवणं म्हणजे त्याच खड्ड्यात आणखी एक पाऊल.

ते ठीक आलं तर मात्र तुमचंच बरोबर. ज्या औषधाने आधी गुण दिला त्याचा डोस वाढवून पाहणं हे पहिलं पाऊल. एस्सिटालोप्रामची वरची मर्यादा २० मि.ग्रॅ., ६५ च्या पुढच्या वयात १०. हृदयाच्या लयीचा त्रास असेल तर आधी ईसीजी. २० च्या पुढे रेटण्यात अर्थ नाही. या गटात एका टप्प्यानंतर फायदा थांबतो आणि त्रास वाढत राहतात. डोस वाढवल्यावर दोन आठवड्यांनी फोन, चार आठवड्यांनी भेट, आणि दोन्ही वेळा तीच प्रश्नावली. चार आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर थांबून राहणं म्हणजे वेळ घालवणं.

मग बदल. इथे कार्बामाझेपीन पुन्हा आडवं येतं, म्हणून ते नाव डॉक्टरांच्या कानावर दोनदा पडू द्या. मिर्टाझापीनची पातळी त्याच्यासोबत निम्म्याहून खाली जाते. सर्ट्रालीनचीही घटते. बुप्रोपिऑन फिट यायची शक्यता वाढवतं. फ्लुओक्सेटीन उलट कार्बामाझेपीनचीच पातळी वाढवतं, मग चक्कर आणि दुहेरी दिसणं सुरू होतं. त्यामुळे नसेच्या दुखण्यासाठी दुसरं औषध चालेल का, हा प्रश्न कदाचित नैराश्याची गोळी बदलण्यापेक्षा आधी सोडवावा लागेल. ऑक्सकार्बाझेपीन विकरांच्या बाबतीत सौम्य आहे, पण सोडियम ते आणखीच उतरवतं. बदल झाला तर लक्षात असू द्या: कार्बामाझेपीन काढल्यावर विकरं दोन-तीन आठवड्यांत ओसरतात आणि एस्सिटालोप्रामची पातळी आपोआप वर चढते. त्याच सुमारास डोसही वाढवलेला असेल तर त्रास दुप्पट. एका वेळी एकच बदल.

तिसरा मार्ग म्हणजे जोड देणं. ॲरिपिप्राझोल २ ते ५ मि.ग्रॅ.पासून सुरू करतात. मुख्य त्रास म्हणजे पाय एका जागी न ठरणं, आतून तगमग. ही तगमग नैराश्याची बेचैनी समजली जाते आणि डोस वाढतो, हा नेहमीचा घोटाळा. क्वेटियापिनने झोप येते, पण वजन आणि साखर वाढते. या दोघांचीही पातळी कार्बामाझेपीन पाडतं, क्वेटियापिनची तर फारच. लिथियम जुनं आणि भरवशाचं आहे, पण शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्तातली पातळी मोजावी लागते, साधारण ०.६ ते ०.८, आणि मूत्रपिंड-थायरॉईडवर लक्ष ठेवावं लागतं.

बोलण्याची थेरपी शेवटी लिहितोय, पण ती शेवटची नाही. गोळीने पुरेसा गुण न आलेल्या ४६९ जणांवरची ब्रिटिश चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचाराला सीबीटीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची) जोड दिलेल्यांत सहा महिन्यांनी ४६ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त कमी झाली, नुसत्या नेहमीच्या उपचाराने २२ टक्के. शिवाय तिचं कार्बामाझेपीनशी भांडण नाही. डॉक्टरांनी स्वतःहून काढलं नाही तर तुम्ही विचारा: किती सत्रं, दर आठवड्याला का, सत्रांमधला गृहपाठ काय. नुसतं मन मोकळं करणं म्हणजे सीबीटी नव्हे.

---

कवडसा

एवढं सगळं करूनही नाही जमलं तर? ताईचा प्रश्न तोच असतो, "याच्यापुढे काही नाहीच ना?" आणि ती जनुकीय तपासणी करतात म्हणे, कोणती गोळी लागू पडेल ते सांगणारी?

---

निशिगंध

पुढे बरंच आहे. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसवर पुरेसे आठवडे घेऊनही गुण नाही, तेव्हा त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. ताई तिथे नाहीत. त्यांचं एकच औषध झालंय, तेही खालच्या डोसवर, आणि त्याने गुण आलेला आहे.

अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिसरा हिस्सा लोक पूर्ण बरे झाले, दुसऱ्या टप्प्यात उरलेल्यांतले तीस टक्के. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात हा आकडा तेरा-चौदावर आला. २०२३ मध्ये त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण झालं आणि आकडे आणखी कमी निघाले, त्यामुळे ते घोकू नका. पण चढ कुठे अवघड होतो ते त्यावरून कळतं: दोन औषधांनंतर गोळ्यांचीच अदलाबदल करत राहण्यापेक्षा वेगळ्या जातीचा उपचार विचारावा.

त्यात चुंबकीय उत्तेजन येतं, आरटीएमएस. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, भूल नाही. डोक्यात धातू किंवा फिट्सचा इतिहास असेल तर सहसा चालत नाही. एस्केटामाइनचा नाकातला फवारा दवाखान्यातच घेतात, नंतर किमान दोन तास रक्तदाबावर लक्ष आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. आणि ईसीटी, म्हणजे विजेचे झटके देण्याचा उपचार. सिनेमांनी तिची बदनामी केली असली तरी तीव्र नैराश्यात, खाणंपिणं सुटलेलं असताना, सर्वांत प्रभावी उपचार तोच आहे. थोड्या वेळाची भूल, स्नायू सैल करणारं औषध, आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण सहा ते बारा वेळा. विस्मरणाचा त्रास होतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो, पण उपचारांच्या आसपासच्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. हे आधी स्पष्ट सांगून संमती घेतली पाहिजे.

जनुकीय तपासणी: ती गोळी यकृतात किती वेगाने साफ होते याचा अंदाज देते, लागू पडेल की नाही ते सांगत नाही. ताईंच्या यकृताचा वेग सध्या कार्बामाझेपीनने बदललेला आहे, तो जनुकांच्या कागदावर दिसणारच नाही. आत्ता नको.

---

कवडसा

दवाखान्यात फोन केला. सोडियम आणि बाकीच्या तपासण्यांची चिठ्ठी त्यांनी पाठवली, उद्या सकाळी रक्त देणार. न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीचा फोटो त्यांना पाठवला. पीएचक्यू-९ चे गुण १६, नवव्या प्रश्नाला शून्य.

स्ट्रिपाही मोजल्या. तीस गोळ्या आणून २४ दिवस झाले. सहा उरायला हव्या होत्या, अकरा आहेत.

---

खलबत्ता

पाच खाडे. म्हणजे पातळी खाली यायला आता दोन कारणं झाली. ताईंना पुरावा दाखवल्यासारखं बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी स्ट्रिप बरोबर मोजून रिकामी मिळेल.

या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात. एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, लागोपाठ दोन-तीन चुकले की बिघडतं. पाच खाडे सुटे होते की सलग, आठवलं तर लिहा. सकाळची गोळी त्याच दिवशी केव्हाही आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणा आणि कार्बामाझेपीनही त्यातच भरा, सकाळ-संध्याकाळ वेगळे कप्पे असलेली मिळते. तेही असंच चुकत असेल तर विकरांचा सगळा हिशोब वरखाली होतो, म्हणून त्याच्या स्ट्रिपाही आज मोजून ठेवा.

कागदावर कार्बामाझेपीन सुरू केल्याच्या तारखेखाली तेवढंच लिहा: "२४ दिवसांत ५ गोळ्या चुकल्या." हे न सांगता डोस वाढला तर वाढलेली गोळीही अशीच चुकेल, आणि चार आठवड्यांनी तिच्याही नावापुढे "गुण नाही" असा शेरा पडेल.